वर्गातील एकटा मुलगा

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या, की जालना जिल्ह्यातील सडकांवर सकाळच्या वेळी एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. भोकरदन, जाफराबाद, मंठा, परतूर अशा तालुक्याच्या गावी जाणाऱ्या एसटीच्या गाड्या शाळकरी मुलामुलींनी गजबजून जातात. वाडीवस्तीवरील लहान शाळेचा निरोप घेऊन ही मुले मोठ्या गावच्या विद्यालयात निघालेली असतात. गाडीत त्यांचा किलबिलाट चाललेला असतो. परंतु विद्यालयाच्या फाटकातून आत पाऊल टाकताच त्यांतील एखाद्याचा आवाज एकाएकी बसतो. वस्तीवरच्या शाळेत त्याला सर्वजण नावाने ओळखीत असत. येथे वर्ग मुलांनी भरलेला, आणि ओळखीचे तोंड त्यांत एखादे दुसरे. अशा मुलास आपल्याकडे मुखदुर्बळ म्हणतात. शब्द मोठा मार्मिक आहे. त्या मुलाचे मन दुर्बळ नसते, बुद्धीही दुर्बळ नसते. केवळ मनातील गोष्ट मुखावाटे बाहेर काढण्याचे बळ त्याला त्या घडीस सापडत नाही.

याच जिल्ह्यातील काही मुलांवर याहून अवघड प्रसंग येतो. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतील अनेक कोरडवाहू कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. आणि सांगली-कोल्हापूरकडील किंवा कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात त्यांची कोपी उभी राहते. घरी आजी-आजोबा असले किंवा गावी हंगामी वसतिगृह चालू असले, तर मूल मागे राहून शिकू शकते. नाही तर तेही आईबापांबरोबर जाते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते परत येते, तेव्हा हजेरीपटावर त्याचे नाव असते, बाकावरील त्याची जागा मात्र दुसऱ्या कोणाची तरी झालेली असते. बरोबरीची मुले धड्यांमागून धडे पुढे गेलेली असतात. आपल्याहून लहान मुलांना येणारे गणितही आपल्याला येत नाही, हे चारचौघांत उघडे पडते. मग ते मूल बोलावयाचेच सोडून देते.

ऊस, मोडलेले वर्ष आणि अनोळखी वर्ग या तिन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला आल्या, अशा एका मुलाची कथा मराठीत कादंबरीच्या रूपाने लिहिली गेली आहे. ती कादंबरी म्हणजे ‘झोंबी’. डॉ. आनंद यादव यांची ही कादंबरी १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यादवांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३५ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कागल या गावी झाला. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. ‘गोतावळा’, ‘नटरंग’ यांसारख्या कादंबऱ्या त्यांच्या लेखणीतून उतरल्या. २०१६ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी होय. म्हणजे तीतील आनंदा हा मुलगा लेखक स्वतःच आहे. परंतु आपले बालपण सांगताना त्याने कादंबरीकाराच्या दृष्टीने त्याची मांडणी केली आहे. मूल हळूहळू जाणते कसे होते, हे सांगणाऱ्या कादंबऱ्या जगातील अनेक भाषांत आढळतात. जर्मन महाकवी गटे याची ‘विल्हेल्म माइस्टर’ ही कादंबरी १७९५-९६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हा प्रकार विशेष नावाजला गेला.

झोंबी हा शब्द कुस्तीच्या आखाड्यात शोभणारा आहे. दोन मल्ल अंगाला अंग भिडवून झगडतात, ती झोंबी. कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या लेखकाने आपल्या पुस्तकास हे नाव द्यावे, यात नवल नाही. पण आनंदासमोर उभा असलेला मल्ल एकच नव्हता. घरचे दारिद्र्य आणि वडिलांचा हट्ट यांच्याशी त्याची झोंबी चालली होती, तशीच ती स्वतःच्या मनातील संकोचाशीही चालली होती. पहिली झोंबी मोठी आहे आणि तिच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरी एका वर्गाच्या चार भिंतींत खेळली जाते. तिला प्रेक्षक नाहीत, हलगी नाही. वाचताना ती सहज नजरेतून निसटते. म्हणून येथे मुख्यत्वे या दुसऱ्या झोंबीचाच विचार करावयाचा आहे.

कथेतील काळ देशाच्या स्वातंत्र्याच्या आगेमागे आहे. कागल हे तेव्हा कोल्हापूर संस्थानातील गाव. राजर्षी शाहू महाराज जन्माने या कागलच्याच घाटगे घराण्यातले. त्यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला होता. तथापि हुकुमाने शाळेचे दार उघडते. शेतात पाण्याची पाळी धरून उभा असलेला मुलगा त्या दारापर्यंत पोहोचेलच, असे नाही. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होते. तेथील मुलांपुढे तर आणखी एक भिंत उभी होती. वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूतून चाले. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला भूगोलातील नद्या आणि गणितातील व्याजही दुसऱ्या भाषेतून समजून घ्यावे लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात सामील झाले आणि त्यानंतर ती स्थिती पालटली. आनंदाच्या वर्गाची भाषा मराठीच होती. परंतु पुस्तकातील मराठी आणि त्याच्या घरातील मराठी यांत अंतर होते, आणि हे अंतर त्याला जाणवल्यावाचून राहत नव्हते.

आनंदा आपल्या वडिलांना ‘दादा’ म्हणे. या दादांनी त्याला पाचवीतूनच शाळा सोडावयास लावली आणि शेतीच्या कामास जुंपले. मोट, पाणी, गुरे, शेण, ऊस यांत त्याचे दिवस जाऊ लागले. कोल्हापूरकडे उसाचा गूळ करण्याची चाल जुनी आहे. चरकात ऊस पिळावयाचा, रस मोठ्या काहिलीत आटवावयाचा आणि गुळव्याने तो नेमक्या वेळी उतरवून त्याच्या ढेपा पाडावयाच्या. ऊस शेतात अधिक दिवस उभा राहिला, तर रसातील पाणी कमी होऊन गोडी वाढते आणि गूळ अधिक पडतो. म्हणून गावातील इतर शेतकरी घाई करीत नसत. आनंदाचे वडील मात्र सर्वांच्या आधी गुऱ्हाळ घालीत. बाजारात ढेपांची गर्दी होण्यापूर्वी आपला माल पोहोचला, की भाव बरा येतो, असा त्यांचा हिशेब होता. तो अगदीच खोटा होता, असे म्हणता येणार नाही. पण त्या हिशेबात नसलेली एक गोष्ट त्यामुळे घडली. गुऱ्हाळ लवकर आटोपले आणि मुलाला विचार करावयास सवड मिळाली. जन्मभर या मातीत राबून आपल्या हाती काय लागणार? शिकलो, तर नोकरी मिळेल, चार पैसे हाती खेळतील. हा विचार त्याच्या मनात घोळू लागला.

परंतु वडिलांपुढे तोंड उघडण्याची त्याची छाती नव्हती. तो आईशी बोलला. आई उन्हात शेण्या थापीत बसली होती आणि तो बादलीने पाणी आणून देत होता. ते काम करता करताच त्याने शाळेचा विषय काढला. ही बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बुजरी माणसे समोरासमोर बसून मनातले बोलू शकत नाहीत. हात कामात गुंतलेले असले, नजर जमिनीकडे असली, म्हणजे त्यांना शब्द सुचतात.

आईचेही दादांपुढे काही चालत नसे. तेव्हा मायलेकरांनी मिळून एक युक्ती योजली. दत्ताजीराव देसाई हे गावातील वजनदार गृहस्थ होते. त्यांचा शब्द दादांना मोडता येत नसे. रात्रीच्या वेळी दोघे देसायांच्या वाड्यावर गेली आणि सर्व हकिकत सांगून, आपण येथे आलो होतो हे कळू देऊ नये, अशी विनंती करून परत आली. पुढे देसायांनी दादांना बोलावून घेतले. थोड्या वेळाने, ठरल्याप्रमाणे, आनंदा वडिलांना जेवावयास बोलावण्याच्या निमित्ताने तेथे हजर झाला. कोणत्या वर्गात आहेस, असे देसायांनी त्याला विचारले. प्रश्न साधा, पण उत्तर द्यावयाचे होते ते वडिलांच्या देखत. आपण शाळेत जात नाही आणि दादा जाऊ देत नाहीत, हे त्याने सांगून टाकले. एरवी घरात ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, त्या मुलाने त्या रात्री केलेले हे धाडस लहान नव्हते.

दादांनी होकार दिला, पण अटी घालून. सकाळी दिवस उगवताच शेतावर जावयाचे. अकरा वाजेपर्यंत पिकाला पाणी पाजावयाचे. तेथूनच शाळा गाठावयाची. शाळा सुटल्यावर दप्तर घरी टाकून तासभर गुरे चारावयाची. शेतात काम फार असेल, त्या दिवशी शाळेचे नावही काढावयाचे नाही. आनंदाने एकूण एक अट मान्य केली. कोणीही वाचक येथे सुटकेचा श्वास सोडतो. मोठ्या माणसांशी झालेला सामना जिंकला, आता उरले ते काय? फक्त वर्गात जाऊन बसावयाचे!

आणि तेच सर्वांत कठीण निघाले.

शाळेच्या पटावर त्याचे नाव पाचवीत नापास म्हणून तसेच राहिले होते, त्यामुळे नव्याने नाव घालण्याची गरज पडली नाही. परंतु त्याच्या बरोबरीची मुले पुढे निघून गेली होती. वर्गात त्याच्या गल्लीतील दोन मुले तेवढी ओळखीची. बाकीची सर्व वयाने लहान आणि अनोळखी. ज्यांना तो आजवर आपल्याहून कमी समजत होता, त्यांच्याच रांगेत त्याला बसावयाचे होते. जुनी पुस्तके आणि वह्या भरलेली कापडी पिशवी घेऊन तो एका कडेला बसला. अंगावर मातीने लाल झालेले धोतर, आणि डोक्याला गुंडाळलेले तसेच एक फडके. शेतावर या वेषाकडे कोणी दोनदा पाहिले नसते. वर्गात मात्र सर्वांच्या नजरा त्याच्यावरच खिळल्या.

चव्हाण आडनावाचा एक द्वाड मुलगा होता. नवा दिसतोस, की चुकून येथे येऊन बसलास, अशा धर्तीचे बोलून त्याने थट्टेस आरंभ केला. मग आनंदाच्या डोक्यावरचे फडके ओढून त्याने ते आपल्या डोक्याला गुंडाळले, मास्तरांची नक्कल केली आणि शेवटी ते मास्तरांच्या टेबलावर ठेवून दिले. तेवढ्यात मास्तर आले. टेबलावरील ते मळके फडके कोणाचे, हा प्रश्न साऱ्या वर्गासमोर झाला आणि आनंदाला आपले म्हणून सांगावे लागले. मधल्या सुटीत मुलांनी त्याच्या धोतराचा काष्टा ओढण्याचा प्रयत्न केला. तेव्हा तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पाठीमागे भिंत असली, म्हणजे मागून तरी कोणी ओढणार नाही, एवढाच त्यात विचार होता. इतर मुले पटांगणावर धावत होती, आणि शाळेत येण्यासाठी ज्याने एवढा खटाटोप केला, तो मुलगा सुटी संपण्याची वाट पाहत भिंतीशी उभा होता.

इंग्रजीतील प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ या कादंबरीत अशाच प्रकारचा एक प्रसंग आहे. ही कादंबरी १८४९-५० या काळात प्रसिद्ध झाली. डेव्हिडला सावत्र बाप दूरच्या शाळेत धाडून देतो, आणि तेथे त्याच्या पाठीवर, हा मुलगा चावतो, अशा अर्थाची पाटी बांधली जाते. इतर मुले सुटीहून परत येण्यापूर्वीच तो बिचारा एकेका मुलाची कल्पना करू लागतो, आणि हा पाटी पाहून काय म्हणेल, तो काय म्हणेल, या धास्तीने अर्धा होतो. आनंदाच्या पाठीवर कोणी पाटी बांधली नव्हती. त्याचे धोतर आणि त्याचे फडके हीच त्याची पाटी झाली. सुमारे शंभर वर्षांचे आणि सातासमुद्रांचे अंतर असलेल्या या दोन मुलांना जर एका बाकावर बसविता आले असते, तर एकमेकांना समजावून सांगण्याची त्यांना फारशी गरज पडली नसती.

शाळा सुटून घरी जाताना आनंदाच्या मनात विचार आला, की अशा शाळेपेक्षा आपले शेत काय वाईट? तेथे निदान कोणी थट्टा करीत नाही. या क्षणी त्याची सगळी पुढची वाट पणास लागली होती. दादा नको म्हणत होते, तेव्हा शाळा हवीशी वाटत होती. आता कोणी अडवीत नव्हते आणि पाय आपणच मागे ओढत होते. त्या दिवशी त्याने घरी बसावयाचे ठरविले असते, तर देसायांचा शब्द, आईची धडपड आणि त्याचे स्वतःचे ते धाडस ही सर्व फुकट गेली असती, आणि त्यास कारण कोण म्हणावे, तर एक द्वाड पोर! दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मात्र त्याचे मन पुन्हा उभारी धरून होते. तो शाळेत गेला. कोणी त्याला उपदेश केला नव्हता. रात्रीच्या झोपेने कधी कधी एवढे काम होते.

त्याने आणखी एक गोष्ट केली. आईच्या मागे लागून आठ दिवसांच्या आत बाजारातून एक टोपी आणि दोन नाडीच्या खाकी चड्ड्या आणविल्या. यात त्याने हार खाल्ली, असे एखाद्यास वाटेल. पण विचार केला, तर हे शहाणपणाचेच दिसते. ज्या गोष्टीवरून रोज तोच झगडा होतो आणि जी आठ दिवसांत बदलता येते, ती बदलून टाकलेली बरी. त्या घरात दोन चड्ड्यांचे पैसे उभे करणे आईला किती जड गेले असेल, हे मात्र ज्याचे त्याने मनाशी ताडावे.

एवढ्याने थट्टा कमी झाली असेल. परंतु थट्टा थांबणे निराळे आणि मित्र मिळणे निराळे. मित्र मिळाला तो गणिताच्या तासाला.

मंत्री नावाचे मास्तर वर्गाला गणित शिकवीत. ते छडी वापरीत नसत. चुकार मुलाची मान हातात धरून पाठीवर एक ठोसा लगावीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलांना असे मारण्यास आता बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. त्या काळी मात्र मंत्री मास्तरांच्या धाकाने वर्गातील द्वाड मुले गप्प बसली, आणि जी मुले गप्पच होती त्यांना मान वर करण्यास जागा मिळाली. अभ्यास करणाऱ्या मुलाचे एखादे उदाहरण चुकले, तर मास्तर त्याला जवळ बोलावून शांतपणे समजावून देत.

वर्गात वसंत पाटील नावाचा मुलगा होता. अंगाने सडपातळ, स्वभावाने शांत, आणि सदा काहीतरी वाचीत किंवा सोडवीत बसलेला. त्याची उदाहरणे नेहमी बरोबर येत. मास्तरांनी त्याला वर्गाचा मॉनिटर केले होते. पहिल्या बाकावर त्याची जागा होती आणि इतरांची उदाहरणे तो तपासून देई. वसंत वयाने आनंदाहून लहान. आनंदाला प्रथम वाटे, हा एवढासा पोरगा, आपण त्याच्याहून मोठे. खरे म्हणजे मॉनिटर आपणच असावयास हवे. ही असूया लेखकाने झाकून ठेवलेली नाही, आणि त्यामुळेच पुढचा भाग खरा वाटतो. मनातल्या मनात धुसफुसत बसण्याऐवजी आनंदाने वसंताकडे बारकाईने पाहण्यास सुरुवात केली. तो काय करतो, कसा बसतो, वही कशी ठेवतो? मग त्यानेही आपल्या पुस्तकांना वर्तमानपत्राच्या कागदाची वेष्टने घातली. दप्तर नीटनेटके ठेवू लागला. घरून उदाहरणे सोडवून नेऊ लागला, आणि वर्गात रिकामा न बसता काही ना काही वाचीत बसू लागला.

मन एकाग्र झाले, तशी गणिते सुटू लागली. काही दिवसांनी वसंताबरोबर आनंदाही इतर मुलांची उदाहरणे तपासू लागला. एकाने वहीची ही बाजू पाहावी, दुसऱ्याने ती. एखादे उत्तर जुळले नाही, की दोघांनी मिळून चूक हुडकावी. येथे दोघांची मैत्री जमली. माझा मित्र होशील का, असे कोणी कोणास विचारले नाही. ज्यास रिकाम्या हाताने बोलण्यास आरंभ करता येत नाही, अशा मुलाला समोर एक उदाहरण असले, की बोलावयास विषय मिळतो. शेण्या थापता थापता आईशी बोलणारा आनंदा हाच होता, हे येथे आठवावे. आणखी एक गोष्ट अशी, की त्याने मित्र निवडला तो वर्गातला सर्वांत मोठ्याने बोलणारा मुलगा नव्हे. वसंतही अबोलच होता. दोन अबोल मुले एकाच बाकाशी उभी राहून तिसऱ्याची वही तपासत आहेत, एवढेच ते दृश्य. परंतु भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या मुलाच्या दृष्टीने ते केवढे मोठे!

याच सुमारास मास्तर त्याला ‘आनंदा’ म्हणून हाक मारू लागले. घरी हे नाव असे सबंध क्वचितच उच्चारले जाई. आई केव्हातरी म्हणे तेवढेच. चारचौघांत कोणी आपले नाव नीट घेतले, याचे सुख त्याला प्रथमच मिळाले. ज्यांचे नाव नेहमीच नीट घेतले जाते, त्यांना या सुखाची कल्पना येणे थोडे अवघड आहे.

यानंतर त्याच्या आयुष्यात सौंदलगेकर मास्तर आले. ते मराठी शिकवीत आणि कविता शिकविताना देहभान विसरत. गळा गोड, चाल पक्की, आणि पुष्कळ जुन्या-नव्या कविता तोंडपाठ. कविता ते नुसती वाचीत नसत, म्हणून दाखवीत. हावभावांसह ती वर्गासमोर उभी करीत. यशवंत, बा. भ. बोरकर, भा. रा. तांबे, गिरीश अशा कवींच्या आठवणी सांगत. स्वतःही कविता लिहीत. आनंदा डोळ्यांत आणि कानांत प्राण आणून ऐकत बसे, आणि सकाळी शेतात पाणी पाजताना त्याच चालीवर मोकळ्या गळ्याने गाई. मास्तरांनी ते ओळखले. त्यांनी त्याला वरच्या वर्गांतील मुलांपुढे कविता म्हणावयास लावली. शाळेच्या समारंभातही त्याला गावयास मिळाले. ज्या मुलाला आपले फडके आपले आहे हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, तोच मुलगा शाळेसमोर उभा राहून गात होता.

मास्तरांच्या घराच्या दारावर मालतीची वेल चढलेली होती. तिच्यावर त्यांनी एक कविता रचली. आनंदाने ती वेल पाहिली होती आणि कविताही ऐकली होती. त्यामुळे त्याच्या मनात एक नवीन प्रकाश पडला. कवी हा कोणी आकाशातून उतरलेला प्राणी नसून आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. आणि दारातल्या वेलीवर जर कविता होऊ शकते, तर आपल्या शेतावर, आपल्या गावावर, रोज दिसणाऱ्या माणसांवर का होऊ नये? जी माती अंगाला लागली म्हणून वर्ग हसला होता, तीच माती आता त्याच्या उपयोगी पडणार होती.

शेतावरचे काम मात्र सुटले नव्हते. दादांच्या अटी तशाच होत्या. सकाळचे पाणी आणि सायंकाळची गुरे चुकत नसत. पूर्वी पाणी पाजताना किंवा गुरे राखताना त्याला एकटेपण खावयास उठे. कोणाशी तरी बोलत, हसत काम करावे, असे वाटे. आता ते पालटले. एकटा असला, म्हणजे मोठ्याने कविता म्हणता येत, हातवारे करता येत, मन मानेल तसे नाचताही येई. वर्गात मित्र मिळाल्यावर या मुलाला शेतातील एकांत नकोसा व्हावा, असे आपल्याला वाटते, झाले उलटेच. वर्गात एकटे पडणे आणि शेतात एकटे असणे यांतील भेद त्याला उमगला. पहिले त्याच्यावर लादले गेले होते, दुसरे त्याने आपलेसे केले. कादंबरीतील हा भाग अनेकजण भरभर वाचून पुढे जातात. पण आनंदाच्या वाढीची खूण वर्गातील मानापेक्षाही येथे अधिक स्पष्ट दिसते.

गुरे राखता राखता तो स्वतःच ओळी जुळवू लागला. कागद-पेन्सिल खिशात असली, तर ठीक; नसली, तर काटकीने म्हशीच्या पाठीवर रेघा ओढून तो ओळ लिही, किंवा खड्याने एखाद्या दगडावर. ओळी पाठ झाल्या, की पुसून टाकी. म्हशीने याविषयी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. एखादी कविता बरी साधली, की ती मास्तरांना केव्हा दाखवीन, असे त्याला होऊन जाई. मग दुसऱ्या दिवसाच्या तासाचीही वाट न पाहता तो रात्रीच त्यांचे घर गाठी. मास्तर ती वाचीत, शब्द कोठे अडखळतो ते दाखवीत, वृत्त म्हणजे काय, अलंकार म्हणजे काय हे सांगत, आणि निघताना कधी एखादे पुस्तक त्याच्या हाती ठेवीत. ते पुस्तक घेऊन तो अंधारातून घरी परते. कारण सकाळी दिवस उगवताच उसाला पाणी द्यावयाचे असे.